बदामी बोगद्यात का रडायची

एकदा आमची बदामी धुक्यात शिरली, तेव्हा धुकं इतकं दाट होतं की मला खाली उतरून ते हाताने बाजूला सारावं लागलं. खोटं नाही सांगत. रजईसारखं जाड होतं. त्यातलं थोडं घडी घालून डिकीत टाकलं आणि धाकटीकडे नेलं. तिने ते खिडकीला पडदा म्हणून लावलं. दोन दिवस छान टिकलं, मग कोणीतरी खिडकी उघडी टाकली आणि गेलं सगळं.

धाकटी म्हणजे माझी बहीण. अख्ख्या जगात ती एकटीच माझं सगळं खरं मानते. आणि बदामी म्हणजे माझी गाडी. रंग बदामी, म्हणून बदामी. वय सत्तावीस. माझं चौऱ्याहत्तर, पण सांधे तिचे जास्त वाजतात.

दर गुरुवारी दुपारी जेवणं उरकली की आम्ही दोघी निघतो. आधी तळ्याकाठचा रस्ता, मग टेकडी, टेकडीच्या पोटात बोगदा, आणि बोगद्यातून बाहेर पडलं की समोरच्या उतारावर धाकटीचं घर. तिचे गुडघे गेलेत, जिना उतरवत नाही. ती वरच्या खिडकीत बसून असते. बोगद्याच्या तोंडातून बदामीचे दोन पिवळे डोळे दिसले की ती उठून चहाचं आधण ठेवते. म्हणून बोगदा संपला तरी मी दिवे मालवत नाही, लख्ख उन्हातसुद्धा. थेट तिच्या फाटकाशी गेल्यावरच मालवते. आमची ती खूण आहे. समोरून येणारे लोक हात हलवून सांगतात, आजी, दिवे चालू राहिलेत. मीही हात हलवते. त्यांना वाटतं म्हातारी प्रेमळ आहे.

तो रस्ता मोठा गुंगीचा आहे. तळ्यावर ऊन पसरलेलं असतं, बगळे एका पायावर झोपलेले असतात, आणि थोड्या वेळाने असं वाटायला लागतं की बदामी जागच्या जागी उभी आहे आणि तळंच हळूहळू मागे चाललंय. मग बोगदा येतो. बोगद्यात शिरणं म्हणजे दुपारच्या झोपेत शिरणं. गार, काळोखी, आणि दूर टोकाला नखाएवढा उजेड. घाबरू नका, माझे डोळे उघडे असतात. निदान एक तरी.

तर अशाच एका गुरुवारी, बोगद्याच्या मधोमध, बदामी रडली.

कुईंऽऽ. बारीक, लांबलचक. मी रेडिओ बंद केला. रेडिओ मुळात लागतच नाही, पण बंद केला. आवाज चालूच. बोगदा संपला, उतार आला, तरी कुईं. धाकटीच्या फाटकाशी पोचले आणि एकदम गप्प.

"अंधाराला घाबरली गं," मी वर जाऊन धाकटीला सांगितलं. "बोगद्यात हुंदके द्यायला लागली. तुझं घर दिसलं तशी शांत झाली, माहेरी आल्यासारखी."

धाकटी कपात चहा ओतत म्हणाली, "साहजिक आहे. वय झालं की अंधार नको वाटतो. मीसुद्धा हल्ली संडासातला दिवा रात्रभर ठेवते."

बघा. हिला म्हणतात श्रोता.

पण आमचे चिरंजीव तसे नाहीत. त्यांची स्वतःची गाडी दुरुस्तीला गेली म्हणून एका संध्याकाळी त्यांनी बदामी नेली, आणि परत आले ते कपाळाला हात लावूनच.

"आई, वाटभर कुईं कुईं! जाताना, येताना. माझं डोकं उठलं."

"तुझा तिला सराव नाही ना, म्हणून."

"चेष्टा नको. बोगद्यात बंद पडली आणि मागून ट्रक आला तर? रविवारी मी भंगारवाल्याला बोलावतोय."

"आणि माझा गुरुवार?"

"मी नेईन ना तुला मावशीकडे."

"नेशील की. मागच्या वेळी तू मावशीला भेटलास तेव्हा तिचे स्वतःचे दात होते."

तो हसला, पण डोळे हसले नाहीत. लहानपणी विहिरीत वाकून बघायचे मी, तेव्हा माझे वडील असेच बघायचे. तेव्हा कळलं, पोरगा खरंच घाबरलाय. घाबरलेल्या माणसाशी भांडता येत नाही, त्याच्याशी ठराव करावा लागतो.

"रविवारी तू स्वतः चालवून बघ," मी म्हटलं. "बोगद्यातून. कुईं झालं, तर ने तिला. नाही झालं, तर पुन्हा हा विषय काढायचा नाही."

"चालेल," तो म्हणाला. "पण ‘झालं’ की ‘नाही झालं’ हे मी ठरवणार. तू नाही."

माझ्या सत्यवचनावर घरात एवढा विश्वास.

सोमवारी सकाळी बदामीला घेऊन मी कानसेनकडे गेले. कानसेन म्हणजे आमचा मेकॅनिक. टायरच्या दुकानामागे त्याचं गॅरेज आहे. पत्र्याला भोकं आहेत, त्यातून उन्हाचे गोल गोल ठिपके खाली पडतात आणि दिवसभर जमिनीवरून सरकत राहतात. तेलाचा वास, एका कोपऱ्यात शेगडी, त्यावर शिट्टीवाली किटली. कानसेन हे नाव त्याला गिऱ्हाइकांनी दिलं, कारण गाडी कोपऱ्यावर असतानाच तो कानाने सांगायचा की काय बिघडलंय. एकदा मी त्याला फोन केला आणि बोलता बोलता खोकले, तर म्हणाला, "ताई, गाडी ठीक आहे, तुमचा घसा बसलाय. डावी बाजू."

त्याची पद्धत ठरलेली. डोक्यावरची टोपी काढून खिळ्याला लावायची, हातभर लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक चालू इंजिनाला टेकवायचं, मूठ कानाशी धरायची आणि डोळे मिटायचे. मग इंजिनाच्या पोटातली कुजबूज त्या सळईतून त्याच्या कानात चढते.

"आवाज कसा आहे, ताई?" त्याने विचारलं.

आता मला असं विचारल्यावर मी काय करणार? "कसा म्हणजे," मी पदर सावरला, "जणू एखादं मांजराचं पिल्लू पाण्याच्या टाकीत पडलंय आणि त्याची आई काठावरून हाका मारतेय. आणि वळणावर तर असा हंबरडा फोडते, जणू सासरी चाललीय!"

वळणाचं मी सजवलं होतं. बोगदा सरळ आहे. पण वळणाशिवाय गोष्टीला मजा येत नाही.

कानसेन डोळे मिटून सळईला कान लावून उभा. इंजिन आपलं घुर्र घुर्र करतंय. मी कान टवकारले. कुईं कुठे? मला काहीच ऐकू येईना.

"येतोय आवाज," कानसेन मान हलवत म्हणाला. "स्पष्ट येतोय."

मी मनात म्हटलं, संपलं. म्हातारे झालो आपण. कान गेले. तोंडाने म्हटलं, "येतोय ना? इथे तर बोगद्यापेक्षाही मोठा!"

"वळताना रडते म्हणजे स्टिअरिंगचा पंप," तो म्हणाला, आणि त्याने स्टिअरिंगचं तेल बदललं, पंप उघडून बसवला.

मंगळवारी मी बोगद्यात जाऊन आले. कुईं. बुधवारी पुन्हा कानसेन. या वेळी मी सांगितलं की जेवढी पळवावी तेवढा सूर चढत जातो, थेट आभाळाला भिडतो, वरून जाणारे पक्षी वाट चुकतात. त्याने सळई लावली, डोळे मिटले, "येतोय" म्हणाला. मीही "येतोय" म्हटलं. मग त्याने पुढच्या चाकांची बेअरिंगं बदलली.

गुरुवारी बोगद्यात बदामी रडली ती रडलीच. दूरचा नखाएवढा उजेड मोठा मोठा होत होता, आणि मला वाटत होतं, हा बोगदा आज संपूच नये. संपला की गुरुवार सुरू होणार, आणि सुरू झाला की संपणार.

धाकटीला मी रविवारचं सांगितलं. ती पत्ते पिसत राहिली.

"मग मी आधण केव्हा ठेवू?" शेवटी तिने विचारलं.

त्यावर मला काही रचता आलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा.

शुक्रवारी गॅरेजमध्ये पोचले तर कानसेन शेगडीशेजारी स्टुलावर बसला होता, उन्हाचे ठिपके बघत. मी म्हटलं, आवाज तसाच आहे. तो म्हणाला, "बसा, आधी चहा घेऊ. आधण यायला वेळ आहे अजून."

त्याच्या कोपराजवळ किटली बोंबलत होती. शिट्टी अशी की माझे कान फाटतील. वाफ त्याच्या बाहीवर जात होती.

"कानसेन," मी म्हटलं, "किटली केव्हाची ओरडतेय."

त्याने वळून पाहिलं. वाफ दिसली. हळूच शेगडी बंद केली. टोपी काढली, पुन्हा घातली.

"केव्हापासून?" मी विचारलं.

"दोन वर्षं झाली. जाड आवाज येतात, ताई. बारीक गेले. आधी चिमण्या गेल्या. मग भिंतीवरचं घड्याळ. मग ही." त्याने किटलीकडे बोट केलं. "कोणाला बोलू नका. कानसेनचे कान गेले म्हटल्यावर कोण येणार इथे?"

"मग सोमवारी तुम्हाला काय ऐकू आलं?"

"काहीच नाही. पण तुम्ही इतकं रंगवून सांगत होतात, मांजराचं पिल्लू आणि काय काय. मला वाटलं, आवाज असणारच, मलाच येत नाही."

मला हसू फुटलं. असं फुटलं की स्टूल धरावं लागलं.

"अहो, मलाही काही ऐकू येत नव्हतं! तुम्ही ‘येतोय’ म्हणालात म्हणून मी म्हटलं ‘येतोय’!"

आम्ही दोघं शहाणे! त्याने न आलेला आवाज ऐकला, मी न झालेली गोष्ट सांगितली, आणि मधल्या मध्ये बदामीच्या चाकांची धडधाकट बेअरिंगं बदलली गेली.

हसू ओसरल्यावर कानसेन एकदम ताठ बसला. "थांबा. म्हणजे सोमवारी इथे आवाज नव्हताच."

"नव्हता."

"बुधवारीही?"

"नाही."

"म्हणजे गाडी इथे रडतच नाही. तिकडेच रडते. का?" त्याने स्टूल ओढून माझ्या अगदी समोर आणलं. "ताई, आता मला गुरुवार सांगा. घरापासून. पण एक अट. ‘जणू’ बंद. मांजर नाही, माहेर नाही, पक्षी नाही. जे झालं तेवढंच."

तुम्हाला काय वाटतं, सोपं आहे? बिनमिठाचं बोलणं ते. माझी जीभ दर वाक्याला अडखळायची.

"घरून निघाले. तळ्याकाठी आवाज नाही."

"वळणावर?"

मी खाली मान घातली. "वळणावर नाही. ते माझं होतं."

"वेग वाढवला तर?"

"तेही माझं."

"देवा! पुढे?"

"बोगद्याच्या तोंडाशी आले. आत शिरले, तर जण..." कानसेनने बोट वर केलं. "...तर आवाज सुरू."

"तोंडाशी आल्यावर हात काय करत होते तुमचे?"

"हात? उजवा स्टिअरिंगवर. डाव्याने दिवे लावले."

"आवाज बंद केव्हा?"

"धाकटीच्या फाटकाशी."

"तिथे हात काय करतात?"

मी डोळे मिटले. फाटक दिसलं, खिडकी दिसली, खिडकीत पांढरं डोकं. आणि माझा डावा हात खाली जाताना दिसला.

"दिवे मालवतात," मी म्हटलं.

उन्हाचा एक ठिपका कानसेनच्या बुटावर येऊन बसला होता.

"आणि मुलाने गाडी नेली ती संध्याकाळी," तो हळूच म्हणाला. "वाटभर दिवे चालू."

त्याने मला बदामीसमोर उभं केलं, पण पाठमोरं. भिंतीकडे तोंड, डोळे मिटलेले. "राग मानू नका, ताई, पण मला तुमची खात्री करून घ्यायचीय. मी आत बसून दिवे लावणार, मालवणार, सांगणार नाही. आवाज आला की बोट वर. गेला की खाली."

मिटल्या डोळ्यांनी मी उभी राहिले. इंजिन घुर्र घुर्र. पापण्यांवर ऊन. भिंत जवळ होती की लांब तेच कळेना; वाटलं, मी बोगद्यातच उभी आहे आणि बदामी मागून येतेय. कुईं. बोट वर. गप्प. बोट खाली. कुईं. वर. मग खूप वेळ काहीच नाही. मोह होत होता हो! एकदा उगाच वर करावं, बघावं कानसेनची फजिती. पण धाकटीचं आधण आठवलं आणि बोट मुठीत दाबून धरलं.

"बारापैकी बारा," मागून आवाज आला. "ताई, तुम्ही खरं बोलू शकता!"

"कोणाला सांगू नका," मी म्हटलं. "तुमचं मी सांगत नाही, माझं तुम्ही सांगू नका."

मग तो बॉनेटमध्ये वाकला. दिवे चालूच ठेवले. या वेळी त्याने सळईची मूठ कानाला लावली नाही. दातात धरली, कानाला नाही तर हाडाला तरी थरथर कळेल म्हणून. एकेका जागी टोक टेकवायचा आणि थांबायचा. स्टिअरिंगचा पंप, नाही. पाण्याचा पंप, नाही. मग अल्टरनेटर, म्हणजे इंजिनाच्या पट्ट्यावर फिरून दिव्यांसाठी वीज तयार करतो तो डबा. तिथे टोक टेकलं आणि कानसेनची हनुवटी थरथरली. त्याचे डोळे मोठे झाले. तोंडात सळई असल्यामुळे तो "हाऽऽ" एवढंच म्हणाला.

शनिवारी त्याने तो डबा सोडवून माझ्या हातात दिला. "फिरवा चाक."

मी फिरवलं. आत करकर लागत होती, वाळू भरल्यासारखी. बेअरिंग झिजलं होतं. दिवे नसले तेव्हा त्याच्यावर भार नसायचा, ते गप्प बसायचं. दिवे लागले की त्याला जोर काढावा लागायचा, आणि मग ते रडायचं. म्हणजे बदामी अंधाराला घाबरते हे मी रचलं होतं, आणि तेवढंच खरं निघालं! वळण खोटं, वेग खोटा, आणि सगळ्यात मोठी थाप खरी. मी कानसेनला तसं म्हटलंही. त्याने नुसतं "जणू बंद" म्हटलं आणि नवीन बेअरिंग ठोकून बसवलं.

रविवारी दुपारी चिरंजीव चालवायला बसले. शेजारी कानसेन, टोपी मांडीवर. मी मागे. घरासमोर भंगारवाल्याची गाडी येऊन उभी होतीच. त्याला म्हटलं, थांबा, आलोच.

तळं मागे सरकलं. बगळ्यांपैकी एकाने डोळा उघडून पाहिलं आणि मिटला. बोगदा आला. चिरंजीवांनी डावा हात खाली नेला आणि दिवे लावले.

काही नाही.

चाकांची सरसर आणि आमचे श्वास. त्याने काच खाली केली, बोगद्याची गार हवा आत आली. त्याने पंखा लावला, मागचे-पुढचे सगळे दिवे लावले, वायपरसुद्धा फिरवले. सरसर, सरसर. इतकी मऊ शांतता की मला वाटलं, बदामीची चाकं रस्त्यावरून उचलली गेलीत आणि आम्ही चौघं, म्हणजे बदामी धरून चौघं, त्या नखाएवढ्या उजेडाकडे तरंगत चाललोय.

कानसेन मात्र चुळबुळत होता. त्याच्या बाजूने बघा ना. आवाज असला काय, नसला काय, त्याला सारखंच. तो एकटक माझ्या मुलाच्या चेहऱ्याकडे बघत होता, किटलीची वाफ बघावी तसा.

"ठीक आहे," शेवटी मुलगा म्हणाला. मोठा श्वास सोडला त्याने. "ठीक आहे, आई. राहू दे बदामी. त्या माणसाला मी फोन करून परत पाठवतो."

"शब्द?"

"शब्द."

"कानसेन, ऐकलंत ना?"

"हो. हे ऐकू आलं," कानसेन म्हणाला, आणि त्याने टोपी डोक्यावर घातली.

शब्द दिला होता. बोगदा अजून थोडा शिल्लक होता. अंधार होता, मागच्या सीटवर मला कोणी बघत नव्हतं. तीन दिवस मी खरं बोलत होते हो, जीव नुसता आंबून गेला होता. ओठ मिटले, नाकातून सूर धरला, अगदी बारीक.

कुईंऽऽ.

चिरंजीवांचे खांदे कानापर्यंत वर गेले. "ऐकलंत?" तो कानसेनवर ओरडला. "तोच! तोच आवाज!"

"कुठे?" कानसेनला खरोखरच काही ऐकू आलं नव्हतं. "छे. गाडी बिलकूल शांत आहे."

"अहो, आत्ता आला!"

तेवढ्यात बोगदा संपला आणि उजेड भसकन आत आला. आरशात मुलाला माझं तोंड दिसलं.

"आई!"

मी खिडकीबाहेर पाहिलं. समोरच्या उतारावर, वरच्या खिडकीत, पांढरं डोकं चटकन उठून आत गेलं. आज गुरुवार नव्हता, पण दिवे चालू होते.

"चार कप लागतील," मी म्हटलं. "आणि जरा हळू चालव. तिला आधण ठेवायला वेळ तरी मिळू दे."